मनोऱ्यावरच्या एकट्यांचा मेळा

सॅन फ्रान्सिस्कोच्या आखाताच्या पूर्व किनाऱ्यावर, टेकड्यांच्या पायथ्याशी, बर्कली नावाचे जे विद्यानगर वसले आहे, त्याच्या मध्यभागी ३०७ फूट उंचीचा एक फिकट रंगाचा, चौकोनी, माथ्याशी निमुळता होत गेलेला मनोरा उभा आहे. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातील घंटाघर डोळ्यांपुढे ठेवून जॉन गेलन हॉवर्ड या वास्तुशिल्प्याने त्याची आखणी केली आणि जेन सेदर नावाच्या विधवा बाईंनी आपल्या यजमानांच्या पश्चात हाती आलेल्या संपत्तीतून त्याचा खर्च सोसला. म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दप्तरी त्याची नोंद ‘सेदर मनोरा’ अशी असली, तरी विद्यार्थ्यांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले त्याचे नाव ‘कॅम्पनीली’, म्हणजे इटालियन भाषेत नुसते ‘घंटाघर’, असेच आहे. बांधकाम १९१४ साली पुरे झाले. पण इंग्लंडातील लफबरो गावच्या टेलर घराण्याच्या ओतशाळेकडे ज्या बारा घंटांची मागणी नोंदविली होती, त्या पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत खोळंबल्या आणि मनोऱ्याला कंठ फुटायला १९१७ चा नोव्हेंबर उजाडावा लागला.

बारा घंटांवर साधीसुधी गीते वाजविता येतात, परंतु ज्याला वाद्य म्हणावे ते त्यातून सिद्ध होत नाही. पुढे १९७९ साली १९२८ च्या तुकडीतील माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून घंटांची संख्या ४८ झाली आणि १९८३ साली चेंबर्स दांपत्याच्या औदार्याने ती ६१ वर पोहोचली. यांतील सर्वांत थोरली घंटा साडेदहा हजार पौंड वजनाची असून तिच्यावर अस्वलांची व सप्तर्षींच्या नक्षत्राची आकृती कोरलेली आहे, तर सर्वांत धाकटी अवघी १९ पौंडांची, एखाद्या मध्यम कळशीएवढ्या भाराची आहे. चेंबर्स दांपत्याच्या देणगीचा विशेष असा, की ती केवळ धातूवर खर्ची पडली नाही. विद्यापीठात पूर्णवेळ घंटावादकाची कायम नेमणूक व्हावी, शिकणाऱ्यांना सरावाची सोय असावी आणि दर पाच वर्षांनी देशोदेशींचे वादक या मनोऱ्याखाली एकत्र यावेत, अशी तजवीज तीत होती. त्या १९८३ सालापासून बर्कलीचा हा पंचवार्षिक मेळा भरू लागला. जे वादक आयुष्यभर आपापल्या उंच खोलीत एकटेच वाजवितात, ते एकत्र येऊन काय करतात, आणि त्यांना एकत्र येण्याची एवढी निकड का भासते, हे समजून घेण्यापूर्वी त्यांच्या वाद्याची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

या वाद्याला कॅरिलन म्हणतात. सुरांत लावलेल्या निदान तेवीस काशाच्या घंटा, म्हणजे सुमारे दोन सप्तकांचा विस्तार, एका मनोऱ्यात क्रमाने टांगलेल्या असल्या आणि त्या एका वादकाला एका जागी बसून वाजविता आल्या, म्हणजे त्या समूहास हे नाव शोभते. याहून कमी घंटा असतील तर जाणकार त्यांना ही पदवी देत नाहीत. आपल्याकडील जलतरंग ज्याने ऐकला आहे, त्याला या वाद्याची कल्पना चटकन येईल. लहानमोठ्या वाट्यांची ओळ, प्रत्येक वाटीचा एक ठरलेला सूर, आणि आघाताने उमटून आपल्या आपण विरत जाणारा नाद, ही रचना दोहोंत समानच आहे. परंतु जलतरंगाचा सूर उतरला तर वाटीतले चमचाभर पाणी काढावे किंवा घालावे, की काम भागते; कॅरिलनची वाटी मात्र काशाची, कित्येकदा हत्तीपेक्षा जड, आणि एकदा ओतली की दोनचारशे वर्षे तोच सूर बोलणारी असते. शिवाय येथे घंटा हलत नाही. चर्चमधील प्रार्थनेची घंटा दोराने झुलविली जाते, कॅरिलनची घंटा तुळईला घट्ट जखडलेली असते आणि तिच्या पोटातला लोळा तेवढा हलतो. घंटेचा भूमितीय नियमही लक्षात ठेवण्याजोगा आहे: आकार तोच ठेवून सूर एक सप्तक वर न्यावयाचा, तर घंटेचा व्यास निम्मा आणि वजन एक-अष्टमांश होते. म्हणूनच एकाच वाद्यातील थोरली घंटा अनेक टनांची आणि धाकटी हातात उचलता येण्याजोगी असू शकते.

या वाद्याची जन्मभूमी म्हणजे आजचा बेल्जियम, हॉलंड व उत्तर फ्रान्स यांचा सखल मुलूख. तेथील व्यापारी नगरांनी सरंजामदारांकडून सनदा मिळविल्या तेव्हा त्या स्वातंत्र्याची खूण म्हणून प्रत्येक नगराने आपला मनोरा उभारला आणि त्यात दरवाजे उघडण्याची, बाजार भरण्याची, आगीची व शत्रूची वर्दी देणारी घंटा टांगली. तासाचा टोल पडण्याआधी लोकांनी कान टवकारावेत म्हणून काही लहान घंटा क्रमाने वाजविण्याची प्रथा पडली. खुंट्या ठोकलेले एक मोठे पिंप घड्याळाच्या यंत्राने फिरत असे आणि खुंट्यांच्या धक्क्याने घंटा आपोआप वाजत. पुढे यंत्राच्या जोडीला माणसाचा हात आला. दांड्यांची पट्टी बसवून घंटा हाताने वाजविण्याची सोय १५१० साली फ्लँडर्समधील ओडेनार्ड या गावी झाली, असे या विद्येच्या इतिहासात सांगतात. त्या दिवसापासून मनोरा केवळ वेळ सांगणारा राहिला नाही; तो गाऊ लागला.

पण गाणाऱ्याला सूर असावा लागतो, आणि घंटेचा सूर ही मोठी अवघड वस्तू आहे. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, हे आपल्याकडील प्रत्येक गायक जाणतो. हा स्वयंभू गंधार शुद्ध असतो. घंटेच्या पोटातही असे अनेक स्वर एकाच वेळी वास करतात. घंटेवर आघात झाल्यावर जो सूर आपण तिचा म्हणून ओळखतो त्याला षड्ज मानले, तर त्याच्याखाली मंद्र षड्जाचा गुंजारव, त्याच्यावर एक गंधार, मग पंचम आणि शेवटी तार षड्ज, असा पाच स्वरांचा परिवार तिच्यात नांदतो. पण यांतील गंधार शुद्ध नसतो, कोमल असतो. घंटेच्या घाटाचाच तो गुण आहे. कोणत्याही गावी, कोणत्याही धर्माच्या मंदिरात, दूरवरून येणारा घंटानाद ऐकताना मनाला जी एक विषण्ण शांती स्पर्श करून जाते, तिच्यामागे या कोमल गंधाराचा वाटा फार मोठा आहे. आणि म्हणूनच कॅरिलनसाठी रचना करणाऱ्याला शुद्ध गंधाराचे स्वरसंवाद फार जपून वापरावे लागतात. कारण त्याने योजलेला शुद्ध गंधार आणि घंटेच्या पोटातला कोमल गंधार यांची भर चौकात, शेकडो लोकांच्या कानांदेखत टक्कर होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या साह्याने घंटेचा घाट बदलून शुद्ध गंधाराच्या घंटाही हॉलंडात ओतल्या गेल्या. पण परंपरेच्या घंटेने आपला कोमल गंधार सोडलेला नाही.

हे पाच स्वर एकमेकांशी जुळवून देण्याची युक्ती सतराव्या शतकात सापडली, आणि ती सापडण्यास एका अंध माणसाचे कान कारणीभूत झाले. उट्रेख्त नगरीत जेकब व्हॅन आइक नावाचा एक कुलीन गृहस्थ नगराचा घंटावादक होता. तो बासरीचाही मोठा वादक. घंटेजवळ तोंड नेऊन विशिष्ट उंचीचा सूर काढला की तिच्या पोटातील त्याच उंचीचा स्वर जागा होतो, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्याने घंटेतील स्वर एकेक करून वेगळे ओळखले. फ्रान्स्वा व पीटर हेमोनी हे दोघे बंधू जातिवंत ओतारी होते; त्यांनी त्याचे ज्ञान आपल्या कारागिरीत उतरविले. घंटा आवश्यकतेपेक्षा किंचित जाड ओतावयाची, मग ती उलटी करून कातयंत्रावर चढवावयाची आणि आतल्या अंगाने नेमक्या उंचीवर नेमका पातळ थर उतरवावयाचा, म्हणजे त्या त्या जागेशी बांधलेला स्वर खाली येतो. अशा रीतीने त्यांनी १६४४ साली झुटफेन गावासाठी जगातील पहिले खऱ्या अर्थाने सुरेल कॅरिलन सिद्ध केले. या कामात चुकीला क्षमा नाही. उतरविलेला धातू पुन्हा चिकटविता येत नाही, आणि एक फिरक जादा झाली तर घंटा मोडून पुन्हा भट्टीत घालावी लागते. १६८० साली धाकटा हेमोनी वारला आणि या विद्येला ओहोटी लागली. मनोरे उभे होते, ओतारी होते, धातूही होता. पण स्वर जुळविण्याचे मर्म हरवले आणि सुमारे दोन शतके युरोप बेसूर घंटा ओतीत राहिला. अखेर १८९० नंतरच्या काळात आर्थर सिम्प्सन या इंग्रज धर्मोपदेशकाने घंटांमधील स्वरांचा पुन्हा अभ्यास करून निबंध लिहिले आणि लफबरोच्या टेलर ओतशाळेने १८९६ च्या सुमारास ती हरवलेली वाट पुन्हा धरली. बर्कलीच्या पहिल्या बारा घंटा याच ओतशाळेच्या आहेत, ही गोष्ट येथे स्मरणात ठेवावी.

आता वादकाकडे वळू. अनेक मजले चढून गेल्यावर, घंटांच्या मधोमध किंवा किंचित खाली, एक लहानशी खोली असते. तीत एका बाकावर वादक बसतो. समोर पियानोसारख्या पट्ट्या नसून लाकडी दांड्यांच्या दोन रांगा असतात आणि पायांखाली पायदांड्यांची तिसरी रांग असते. प्रत्येक दांडीपासून एक तार वर जाते आणि मधल्या आडव्या दांड्यांच्या व तरफांच्या साह्याने ती लोळ्याला ओढते. वादक सैल मिटलेल्या मुठीच्या करंगळीकडील कडेने दांडी खाली दाबतो. जड घंटांसाठी पायाचा भार योजतो. वरवर पाहणाऱ्याला हे बुक्के मारणे वाटते, पण दांडी किती वेगाने खाली गेली, लोळा घंटेच्या ओठापासून किती अंतरावर असताना ती गाठली, यावर नादाची सारी मृदुता अवलंबून असते. कुशल वादक पाच टनांच्या घंटेतून कुजबूज काढू शकतो. मात्र उमटलेला नाद थांबविण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नसते. पियानोला दमक असतो, सतारीची तार बोटाने मिटविता येते. घंटा एकदा बोलली की तिचे बोलणे संपेपर्यंत ऐकून घ्यावे लागते. जड घंटांचा नाद लांबत राहतो आणि बारीक घंटांचा चटकन विरतो, म्हणून खालच्या स्वरांना मोकळी जागा देणे आणि वरच्या स्वरांना जिवंत ठेवणे, हे या वादनाचे पहिले व्याकरण होय.

हे व्याकरण ज्याने बांधले, त्याचे नाव येफ डेनेन. बेल्जियममधील मेखेलेन नगरीच्या सेंट रुम्बोल्ड मनोऱ्यावर त्याचा पिता आडोल्फ वादक होता; पित्याची दृष्टी गेली तेव्हा पुत्राने ती जागा चालविली. त्याने तारांची व तरफांची जोडणी सुधारून दांडीला हलकेपणा आणला, आणि बारीक घंटांवर दोन्ही हातांनी अतिशीघ्र आघात करून स्वर दीर्घ ठेवण्याची रीत रूढ केली, तेव्हा जे वाद्य केवळ तासांमधली पोकळी भरून काढीत असे ते मैफिलीचे वाद्य झाले. १८९२ पासून मेखेलेनमध्ये उन्हाळ्यातील सोमवारी सायंकाळी त्याच्या मैफिली होऊ लागल्या. मनोऱ्याभोवतालच्या गल्ल्यांत हजारो माणसे निःशब्द उभी राहून ऐकत. १९२२ साली त्याच गावी या विद्येची पहिली शाळा निघाली आणि तिचा पहिला प्रमुख अर्थातच डेनेन होता. अमेरिकेतील पहिल्या पिढीचे कितीतरी वादक या शाळेतून शिकून गेले.

युरोपात जे काम नगरांनी केले, ते अमेरिकेत प्रामुख्याने विद्यापीठांनी व चर्चांनी का केले, याचा उलगडा कठीण नाही. त्या नव्या देशातील शहरांना मध्ययुगीन सनदांचा वारसा नव्हता. उलट विद्यापीठांपाशी विस्तीर्ण आवार होते, स्मारक उभारू इच्छिणारे धनिक होते, आणि दरवर्षी नव्याने येणारे शिकाऊ तरुण होते. शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये १९३२ साली ७२ घंटांचे, एकूण सुमारे १०० टन धातूचे कॅरिलन बसले. धाकट्या जॉन डी. रॉकफेलरने ते आपल्या आईच्या, लॉरा स्पेलमन रॉकफेलर हिच्या स्मरणार्थ दिले होते, आणि न्यू यॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधले त्याचे जोड-कॅरिलनही तिच्याच नावाचे आहे. मिशिगन, कॅन्सस, येल, आयोवा अशी ही नामावली लांबविता येईल. येलमध्ये तर हे वाद्य विद्यार्थ्यांच्याच एका मंडळाच्या हाती आहे. जुने विद्यार्थी नव्यांना शिकवितात आणि पदवी घेऊन मनोऱ्याचा निरोप घेतात.

परंतु विद्यापीठांच्या मनोऱ्यांत दोन असे आहेत, की ज्यांच्या कथेत विसाव्या शतकाचे सारे दुःख साठवले आहे. पहिला बेल्जियममधील लूव्हेनचा. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्याने लूव्हेन जाळले, तेव्हा विद्यापीठाच्या ग्रंथालयातील सुमारे तीन लाख ग्रंथांची राख झाली. अमेरिकन जनतेच्या वर्गणीतून नवे ग्रंथालय उभे राहिले, आणि महायुद्धात कामी आलेल्या अमेरिकन अभियंत्यांचे स्मारक म्हणून त्याच्या मनोऱ्यात ४८ घंटांचे कॅरिलन १९२८ साली बसविले गेले. १९४० च्या मे महिन्यात ते ग्रंथालय दुसऱ्यांदा जळाले. मनोऱ्याला पुन्हा पूर्ण कंठ मिळाला तो १९८३ साली, ६३ घंटांनिशी. म्हणजे ज्या वर्षी बर्कलीचा पहिला मेळा भरला त्याच वर्षी. दुसरा मनोरा आखाताच्या पलीकडच्या अंगाला स्टॅनफर्ड विद्यापीठात आहे. न्यू यॉर्कच्या १९३९ सालच्या जागतिक प्रदर्शनात बेल्जियमने आपल्या दालनात एक कॅरिलन मांडले होते. प्रदर्शन आटोपण्यापूर्वीच बेल्जियम जर्मनांच्या टाचेखाली गेला आणि घंटांना परतण्यासाठी घरच उरले नाही. पहिल्या महायुद्धात उपाशी बेल्जियमला अन्न पुरविणारे हर्बर्ट हूव्हर यांच्या नावाने उभ्या असलेल्या मनोऱ्याला त्या घंटा देण्यात आल्या. त्यांतील थोरल्या घंटेवर, आपण केवळ शांतीसाठीच वाजतो, अशा अर्थाचा लॅटिन लेख आहे.

घंटा आणि युद्ध यांचे नाते जुनेच आहे. घंटेचे कांसे आणि तोफेचे कांसे जवळजवळ एकच. त्यामुळे युरोपात लढाई पेटली की पहिली धाड घंटाघरांवर पडे. आपल्या इतिहासातला दाखला मात्र काहीसा वेगळा आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तेथील पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून आणल्या गेल्या, पण त्या तोफांच्या भट्टीत न जाता देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा आणि भीमाशंकरची घंटा त्या परंपरेची साक्ष देत आजही लोंबत आहेत. शत्रूच्या देवाची घंटा आपल्या देवापुढे वाजवावी असे ज्यांना वाटले, त्यांना नादाला धर्म नसतो हे कळले होते, असेच म्हणावे लागेल.

आता मेळ्याची गोष्ट. उत्तर अमेरिकेतील वादकांनी १९३६ साली कॅनडाची राजधानी ओटावा येथे, संसद भवनाच्या शांती-मनोऱ्याच्या आश्रयाने, आपला संघ स्थापन केला. त्यात पुढाकार घेणाऱ्यांपैकी पर्सिव्हल प्राइस हा त्या मनोऱ्याचा नेमणूक झालेला वादक होता आणि पुढे मिशिगन विद्यापीठात त्याने या विद्येचे अध्यापन केले. तेव्हापासून हा संघ वर्षातून एकदा कुठल्या तरी मनोऱ्याखाली भरतो, आणि तो मनोरा बहुधा एखाद्या विद्यापीठाचाच असतो. कारण राहण्याला वसतिगृहे, चर्चेला दालने आणि ऐकायला हिरवळ, हा सारा सरंजाम विद्यापीठाच्या आवारात आयता मिळतो.

अन्य वादकांच्या संमेलनात वादक मंचावर आणि श्रोते समोर असतात. येथे वादक कोणालाच दिसत नाही. मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी नाद नीट पोचत नाही आणि घंटांपाशी तो कानठळ्या बसविणारा असतो, म्हणून हे सारे रसिक मनोऱ्यापासून बऱ्याच अंतरावर, झाडांच्या सावलीत, कोणी गवतावर आडवे होऊन, कोणी मांडीवर स्वरलिपी उघडी ठेवून, डोळे मिटून ऐकत असतात. वाजविणाऱ्याला त्यांची दाद ऐकू येत नाही. वादन संपवून जिने उतरून तो खाली येतो तेव्हाच त्याला कळते, की आपले काय झाले. एरवी वर्षभर त्याला ही संधीही नसते: बाजाराला निघालेली बाई, वर्गाला उशीर झालेला विद्यार्थी, आजारी अंथरुणाला खिळलेला म्हातारा, हे त्याचे श्रोते; ते त्याला ओळखत नाहीत आणि तो त्यांना पाहत नाही. एका शहरात बहुधा एकच कॅरिलन असते आणि त्याचा एकच वादक असतो. ज्याच्याशी आपल्या विद्येविषयी चार शब्द बोलावेत, असा दुसरा माणूस शेकडो मैलांच्या परिघात नसतो. म्हणून वर्षातून एकदा भरणारी ही सभा त्याच्या दृष्टीने सोहळ्याहून अधिक असते; ती त्याची शाळा आहे, त्याचे न्यायालय आहे आणि त्याचे गोत्र आहे.

न्यायालय हा शब्द मी विचारपूर्वक योजला. या संघाचा पूर्ण वादक-सभासद होऊ इच्छिणाऱ्याला संमेलनात परीक्षेचे वादन करावे लागते. उमेदवार वर एकटा असतो, खाली त्याचे सारे ज्येष्ठ व समवयस्क कान देऊन बसलेले असतात, आणि सभासदांच्या मतावर त्याचा प्रवेश ठरतो. शिवाय उमेदवाराला बहुधा परक्या मनोऱ्यावर वाजवावे लागते. व्हायोलिनवाला आपले वाद्य बगलेत घेऊन येतो; कॅरिलनवाल्याला यजमानाचे वाद्यच आपले मानावे लागते. दांड्यांचा जडपणा, घंटांची संख्या, तारांचा ताण, मनोऱ्याच्या झरोक्यांची रुंदी, सारे निराळे. थोड्याशा सरावाच्या अवधीत त्याला त्या काशाचा स्वभाव ओळखून घ्यावा लागतो. परक्या घरी जाऊन पहिल्याच दिवशी कुळाचार सांभाळावा, तशी ही कसोटी आहे.

संमेलनाचे दुसरे काम नव्या रचनांचे. वादकाच्या हातापायांना पेलेल अशी आणि कोमल गंधाराचा मान राखणारी रचना पियानोच्या पुस्तकातून सरळ उचलता येत नाही. अमेरिकेत या वाद्याचे स्वतंत्र वाङ्मय घडविणाऱ्यांत रोनाल्ड बार्न्स यांचे नाव अग्रभागी आहे. कॅन्सस विद्यापीठ आणि वॉशिंग्टनचे कॅथेड्रल येथे सेवा करून ते १९८२ साली बर्कलीला आले आणि १९९५ पर्यंत तेथे राहिले. त्यांनी स्वतः रचना केल्या, इतरांच्या संगीताची घंटांसाठी मांडणी केली आणि नव्या पिढीला वाजवायला काही तरी निराळे दिले. बर्कलीच्या मेळ्यातून हे साहित्य वादकांच्या पेट्यांतून दूरदूरच्या मनोऱ्यांपर्यंत जाते. हेमोनीच्या मृत्यूनंतर विद्येचे मर्म हरवले, कारण ते एका कुटुंबाच्या मुठीत होते. आज ते हरवण्याचे भय पुष्कळ कमी झाले आहे, कारण ते एका समाजाच्या हाती आले आहे. २०१४ साली युनेस्कोने बेल्जियममधील कॅरिलन-संस्कृतीच्या जतनाची आदर्श म्हणून नोंद घेतली, ती मनोऱ्यांच्या दगडांसाठी नव्हे. मनोरे तर आधीच जागतिक वारशात गेले होते. ती नोंद शिकण्या-शिकविण्याच्या या जिवंत साखळीची आहे.

विद्यापीठाच्या मनोऱ्याला आपल्या विद्यार्थ्यांच्या जीवनाशीही जमवून घ्यावे लागते. बर्कलीला एक जुना प्रघात आहे. सत्रातील अध्यापनाच्या अखेरच्या दिवशी मनोऱ्यावरून ‘डॅनी डीव्हर’ या गीताची चाल वाजते, आणि नंतर परीक्षा संपेपर्यंत कॅरिलन मौन पाळते. हे काव्य किपलिंगचे. हिंदुस्थानातील एका गोऱ्या पलटणीत फाशी जाणाऱ्या शिपायाची ती कथा आहे. मुंबईत जन्मलेल्या कवीचे गीत कॅलिफोर्नियातील परीक्षार्थींना सावध करण्यासाठी वाजावे, हा योगायोग मराठी वाचकाला मौजेचा वाटेल. पण मला त्यानंतरचे मौन अधिक अर्थपूर्ण वाटते. जे वाद्य साऱ्या गावाला ऐकावेच लागते, त्याच्या वादकाला केव्हा वाजवू नये हे आधी कळले पाहिजे.

या साऱ्या प्रवासात माझे मन राहून राहून मुंबईच्या विद्यापीठाकडे वळत होते. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या दोन लाख रुपयांच्या देणगीतून, गिल्बर्ट स्कॉट यांच्या नकाशाबरहुकूम, २८० फूट उंचीचा मनोरा १८७८ साली तेथे पुरा झाला आणि देणगीदाराच्या इच्छेप्रमाणे त्याला त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव मिळाले. मातोश्री दृष्टिहीन होत्या, जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी भोजन करण्यासाठी त्यांना घंटेच्या टोलांचा आधार होई, असे परंपरेने सांगतात. शिकागोत एका मुलाने आईच्या नावे ७२ घंटा टांगल्या, त्याच्या अर्धशतक आधी मुंबईत दुसऱ्या एका मुलाने आईच्या नावे मनोरा उभारला होता. आणि त्या मनोऱ्यातील घंटांवर एकेकाळी सोळा निरनिराळ्या चाली वाजत असत. त्या चाली इंग्रजी होत्या, राज्यकर्त्यांचे स्तवनगीतही त्यांत होते, आणि वाजविणारे होते ते घड्याळाचे यंत्र. म्हणजे फ्लँडर्समधला फिरता पिंप मुंबईला पोचला; मुठीने दांडी दाबणारा माणूस मात्र पोचला नाही. म्हणून आपल्याला मनोरा लाभला, घंटा लाभल्या, पण वादकांची परंपरा लाभली नाही, आणि चाली कमी होत गेल्या तेव्हा त्यांच्यासाठी हळहळणारा एकही शिष्य वर खोलीत नव्हता.

ज्या वाचकाचे फोर्ट भागात जाणे होत असेल, त्याने एखाद्या दिवशी ओव्हल मैदानाच्या कडेला, मनोऱ्यापासून जरा दूर, तासाच्या सुमारास उभे राहावे. टोल पडला की लगेच निघू नये. नाद विरत जातो तेव्हा षड्जाच्या पोटातून तो कोमल गंधार आपल्या कानाला लागतो का, ते शांतपणे पाहावे.